प्रार्थना म्हणणं आणि देवाशी बोलणं: मेंदूत काय फरक दिसतो?

चर्चमधल्या तरुणांच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. "मी जन्मानं ख्रिस्ती, संडे स्कूल केलं, दृढीकरण झालं, दर रविवारी उपासनेला असतो. मग देवाशी वैयक्तिक नातं म्हणतात ते मला का जाणवत नाही?" बाहेरून आलेले काही वक्ते यावर 'तू नामधारी ख्रिस्ती आहेस' असं सांगून मोकळे होतात. आमच्या चितेगावात रात्रपाळी संपवून, झोप बाजूला ठेवून जो मुलगा उपासनेला येतो, त्याला हे ऐकवणं मला पटत नाही. शिवाय प्रश्न खरा आहे, आणि त्याच्या एका भागावर चांगलं संशोधन झालंय. आज ते सांगते.

डेन्मार्कमधल्या आरहूस विद्यापीठातल्या उफे श्योट आणि सहकाऱ्यांनी वीस श्रद्धाळू ख्रिस्ती लोकांना एमआरआय मशीनमध्ये झोपवलं. हे सगळे नियमित प्रार्थना करणारे होते. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे ऑक्सिजनयुक्त रक्त जास्त जातं आणि मशीन ते टिपतं. त्यांना चार कामं आळीपाळीनं दिली: मनातल्या मनात प्रभूची प्रार्थना म्हणायची, स्वतःच्या शब्दांत देवाशी बोलायचं, एक बालगीत म्हणायचं आणि सांताक्लॉजकडे मागण्या करायच्या.

सांताक्लॉज ऐकून हसू येतं, पण प्रयोगाची खरी हुशारी तिथेच आहे. देवाशी बोलणं आणि सांताकडे मागणं या दोन्हींत समोर कोणी दिसत नाही, दोन्हींत वाक्यं स्वतः जुळवावी लागतात. फरक एवढाच की या लोकांच्या लेखी देव खरा आहे आणि सांता गोष्टीतला.

२००९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. स्वतःच्या शब्दांतल्या प्रार्थनेच्या वेळी मेंदूचे जे भाग उजळले, तेच भाग आपण दुसऱ्या माणसाच्या मनात काय चाललंय याचा अंदाज घेताना वापरतो. आईशी बोलताना, मित्राची समजूत काढताना जे चालतं, तेच. सांताच्या वेळी तसं झालं नाही. आणि प्रभूच्या प्रार्थनेशी तुलना केली तरी फरक स्पष्ट होता. त्याच गटाच्या २००८ च्या लेखात पाठ प्रार्थनेच्या वेळी कॉडेट न्यूक्लियस नावाचा भाग सक्रिय झालेला दिसला. सवय आणि समाधान या दोन्हींशी त्याचा संबंध आहे.

म्हणजे 'रूटीन' प्रार्थना आणि 'नात्यातली' प्रार्थना यांतला जो फरक माणसं सांगतात, तो निव्वळ बोलण्यातला नाही.

इथे लगेच दोन सावधगिरीच्या सूचना. एक, वीस माणसं म्हणजे छोटा नमुना, आणि तोही एका देशातला, एका परंपरेतला. दोन, यातून देव आहे किंवा नाही यापैकी काहीच सिद्ध होत नाही. मी फोनवर बहिणीशी बोलताना माझा मेंदू तपासलात तर बहीण खरी आहे का हे मेंदूच्या चित्रातून कळणार नाही. फक्त मी तिला खरी धरून बोलतेय एवढं कळेल. सोशल मीडियावर दोन्ही बाजूंचे लोक अशा चित्रांवरून वाट्टेल ते सांगतात, म्हणून हे लिहून ठेवते.

आता पुढचा प्रश्न, जो त्या बैठकीतल्या मुलाचा आहे. हे नातं काहींना जाणवतं आणि काहींना नाही, असं का?

टान्या लुरमन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या विनयार्ड नावाच्या चर्चमध्ये अनेक वर्षं जाऊन-येऊन अभ्यास केला. २०१२ मध्ये त्यावर त्यांचं पुस्तक आलं. तिथली माणसं देवाशी गप्पा मारायला शिकतात. काही जण देवासाठी कॉफीचा वेगळा कप भरून ठेवतात. वाचताना मला जनाबाईचं जातं आठवलं. आपल्या पैठण रस्त्यावरून पुढे गेलं की एकनाथांचं गाव, जिथे देव श्रीखंड्या बनून कावडीनं पाणी भरायचा अशी कथा आहे. मराठी माणसाला कॉफीच्या कपाचं फार नवल वाटू नये.

लुरमन यांचे दोन मुद्दे महत्त्वाचे आहेत. कल्पनेत किंवा अनुभवात गढून जाण्याची क्षमता माणसामाणसांत वेगळी असते. ज्यांच्यात ती जास्त, त्यांना देवाचा आवाज, त्याचं जवळ असणं अधिक ठळकपणे जाणवतं. नुसती प्रार्थनेची वेळ मोजून हे सांगता येत नाही. दुसरा मुद्दा सरावाचा. त्यांच्या एका प्रयोगात काहींना चार आठवडे, आठवड्यातून सहा दिवस, रोज अर्धा तास शास्त्रातल्या प्रसंगात मनानं शिरून प्रार्थना करायला सांगितलं, तर काहींना तेवढाच वेळ शुभवर्तमानांवरची व्याख्यानं ऐकवली. प्रार्थना करणाऱ्या गटाची मनातली चित्रं अधिक स्पष्ट झाली, आणि देव एखाद्या व्यक्तीसारखा वाटल्याचंही त्यांनी जास्त सांगितलं.

म्हणून ज्याला 'काही जाणवत नाही' त्याची श्रद्धा खोटी, हा निष्कर्ष चुकीचा आहे. स्वभाव आणि सराव हे दोन वेगळे घटक मधे आहेत, आणि वक्ते त्यांचा विचारच करत नाहीत.

आपल्याकडचं याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या विदुषी, धर्म विचारानं पटला म्हणून घेतला. पुढे सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्रैक्यावरून आणि चर्चच्या अधिकारावरून पत्रांतून वाद घातले. १८८९ मध्ये शारदा सदन काढलं. काम जोरात होतं, पण मन स्वस्थ नव्हतं. १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं: आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त अजून मिळालेला नाही.

त्या काळात त्यांनी विल्यम हॅस्लम यांचं पुस्तक वाचलं होतं. हॅस्लम हे इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचे पाळक. १८५१ मध्ये प्रवचन देता देता त्यांचंच परिवर्तन झालं, आणि समोरून कोणीतरी ओरडलं की पाळकाचंच परिवर्तन झालं! दीक्षा होऊन बरीच वर्षं उलटलेला पाळक. रमाबाईंना ते आपलंच वाटलं असणार, असं मला वाटतं.

मला त्या आठ वर्षांत जास्त रस आहे. ती वाया गेली असं म्हणता येईल का? त्याच वर्षांत त्यांनी पवित्र शास्त्र वाचलं, शंका विचारल्या, प्रार्थना केली. लुरमन ज्याला सराव म्हणतात त्याहून हे वेगळं नाही. १८९१ नंतर रमाबाईंनी उपासना सोडली नाही की वाचन सोडलं नाही. उलट हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अख्ख्या पवित्र शास्त्राचं भाषांतर हाती घेतलं, तेही साध्या मराठीत, कमी शिकलेल्या बायकांना कळावं म्हणून. १९२२ मध्ये वारल्या, तोवर त्या हेच काम करत होत्या.