ज्येष्ठांचे मोटारसायकल पर्यटन

ज्येष्ठांचे मोटारसायकल पर्यटन म्हणजे साठीच्या आसपासच्या किंवा त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींनी स्वतः मोटारसायकल चालवत केलेला लांब पल्ल्याचा प्रवास व वाटेतील मुक्काम होय. महाराष्ट्रात १९७० आणि १९८० च्या दशकांत ज्यांनी पहिली दुचाकी घेतली, ती पिढी आता निवृत्त झाली आहे. कामासाठी घेतलेले वाहन निवृत्तीनंतर प्रवासाचे साधन होणे, हे या पर्यटनाचे एक ठळक वैशिष्ट्य आहे. भारतीय कायद्यात मोटारसायकल चालवण्यासाठी वयाची वरची मर्यादा नाही. त्यामुळे असा प्रवास किती काळ चालू ठेवता येईल, हे परवान्याचे नूतनीकरण, वाहनाची स्थिती आणि चालकाची शारीरिक क्षमता या तीन गोष्टींवर ठरते. या लेखात सोलापूर शहर व परिसराच्या संदर्भात या विषयाची माहिती दिली आहे.

## पार्श्वभूमी

स्वातंत्र्यानंतरच्या काळात भारतात मोटारसायकलींचे मोजकेच प्रकार उपलब्ध होते. मद्रास येथे १९५५ पासून रॉयल एनफिल्डच्या बुलेटची जुळणी व पुढे निर्मिती सुरू झाली. म्हैसूर येथील आयडियल जावा कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी जावा आणि १९७३ पासून येझदी या नावाने मोटारसायकली बनवल्या. एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत ग्रामीण भागात लोकप्रिय होती. दुधाच्या किटल्या, खताची पोती आणि कुटुंबातील माणसे यांची ने-आण एकाच वाहनावरून होत असे. महाराष्ट्रात पुण्याजवळच्या आकुर्डी येथील बजाज स्कूटर आणि १९७२ मध्ये आलेली कायनेटिक लुना यांनी शहरी मध्यमवर्गाला दुचाकी मिळवून दिली. बजाज स्कूटरसाठी नोंदणी करून कित्येक वर्षे वाट पाहावी लागत असे.

१९८० च्या दशकाच्या मध्यावर जपानी तंत्रज्ञान असलेल्या हिरो होंडा सीडी १००, यामाहा आरएक्स १०० आणि कावासाकी बजाज केबी १०० या मोटारसायकली बाजारात आल्या. कमी इंधनात अधिक अंतर कापणारी चार-स्ट्रोक वाहने रूढ झाल्यावर जड बुलेट व दोन-स्ट्रोक येझदी मागे पडल्या. आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. मात्र जुनी वाहने जपणाऱ्यांचे गट टिकून राहिले. दरवर्षी जुलै महिन्यातील दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिवस साजरा केला जातो. जावा हे नाव २०१८ मध्ये आणि येझदी हे नाव २०२२ मध्ये नव्या वाहनांसह बाजारात परतले.

## वाहनाची निवड व देखभाल

ज्येष्ठ चालकांमध्ये दोन प्रवाह दिसतात. काही जण तरुणपणीचेच वाहन दुरुस्त करून वापरतात, तर काही जण नवे वाहन घेतात.

जुन्या वाहनाचा मोठा लाभ म्हणजे ते साध्या हत्यारांनी रस्त्यावर दुरुस्त करता येते. कार्ब्युरेटर, प्लग, प्लॅटिनम पॉइंट आणि केबल यांतील बिघाड अनुभवी चालकाला स्वतः शोधता येतो. लहान गावातील मिस्त्रीलाही त्याची माहिती असते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानक लागू झाल्यावर बहुतेक नव्या मोटारसायकलींत इंधन अंतःक्षेपण प्रणाली आली. ही वाहने अधिक भरवशाची असली, तरी त्यांतील इलेक्ट्रॉनिक बिघाड शोधण्यास विशेष उपकरण लागते. दुसरीकडे, १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या मोटारसायकलींवर अनिवार्य असलेली एबीएस ही ब्रेक प्रणाली जुन्या वाहनांत नसते. एकदम ब्रेक दाबल्यावर चाक जखडून वाहन घसरू नये, यासाठी ही प्रणाली उपयोगी पडते.

जुन्या वाहनावरून नव्यावर जाताना सवयीचा प्रश्न निर्माण होतो. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि मागचा ब्रेक डाव्या पायाशी असे. आजच्या वाहनांत हे उलट असते. अनेक वर्षे जुनी बुलेट चालवलेल्या व्यक्तीचा पाय आणीबाणीच्या क्षणी ब्रेकऐवजी गिअरवर पडू शकतो. जावा व येझदीत किक आणि गिअरचा दांडा एकच असतो. दोन-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलमधील तेलातूनच मिळते. त्यामुळे लांब उतारावर अॅक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवून वेगात जात राहिल्यास इंजिनाला वंगण कमी पडते.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण वाढून २० टक्क्यांपर्यंत गेल्याने जुन्या वाहनांपुढे नवा प्रश्न उभा राहिला आहे. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांची संख्या मोठी असून उसापासून इथेनॉलही तयार होते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. त्यामुळे वाहन बराच काळ उभे राहिल्यास टाकी आतून गंजू शकते, तसेच कार्ब्युरेटरमधील जुने रबरी भाग लवकर खराब होऊ शकतात. अशा वाहनांत इंधनाची नळी व वॉशर वेळेवर बदलणे आवश्यक ठरते.

वाहनाचे वजन हा उतारवयातील निर्णायक घटक आहे. बुलेट ३५० चे वजन सुमारे १९० किलो, तर स्प्लेंडरसारख्या १०० सीसी मोटारसायकलीचे सुमारे ११० किलो असते. वेगात असताना हा फरक फारसा जाणवत नाही. मात्र उतारावर वाहन मागे ढकलताना, मुरमाड जागी उभे करताना किंवा पडलेले वाहन उचलताना तो महत्त्वाचा ठरतो.

## सोलापूर परिसरातील मार्ग

सोलापूर हे महाराष्ट्र, कर्नाटक व तेलंगणकडे जाणाऱ्या मार्गांवरील शहर आहे. पुणे–हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग ६५, उत्तरेकडून धाराशिव–तुळजापूरमार्गे येऊन विजयपूरकडे जाणारा महामार्ग ५२ आणि रत्नागिरी–कोल्हापूरकडून येणारा महामार्ग १६६ येथे मिळतात. पुणे सुमारे २५०, तर हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर अंतरावर आहे.

सकाळी निघून संध्याकाळपूर्वी परतता येईल अशी अनेक ठिकाणे जवळपास आहेत. तुळजापूर सुमारे ४५ व अक्कलकोट सुमारे ४० किलोमीटरवर आहे. हैदराबाद मार्गावरील नळदुर्ग किल्ल्यात बोरी नदीवर बांधलेला बंधारा व त्यातील पाणीमहाल प्रसिद्ध आहे. भीमा व सीना नद्यांच्या संगमावरील हत्तरसंग कुडल येथे शके ९४० (इ.स. १०१८) मधील शिलालेख असून तो मराठीतील सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक मानला जातो. मंगळवेढ्याच्या वाटेवर भीमेकाठी माचणूर हे गाव आहे. त्याच्याजवळच्या ब्रह्मपुरी येथे १६९५ ते १६९९ या काळात औरंगजेबाची छावणी होती.

दोन ते चार दिवसांच्या प्रवासासाठी दक्षिणेकडील मार्ग सोयीचा आहे. विजयपूर सुमारे १०० किलोमीटरवर असून तेथून पुढे बदामी, ऐहोळे, पट्टदकल व हंपी येथे जाता येते. हा भाग बहुतांशी पठारी असल्याने सह्याद्रीतील घाटांच्या तुलनेत वाहन चालवण्यास कमी थकवणारा आहे.

चौपदरी महामार्गांमुळे अंतर लवकर कापले जाते. परंतु उलट दिशेने येणारी वाहने, दुभाजकातील मोकळ्या जागा आणि भरधाव अवजड वाहतूक यांचा धोका असतो. ऊस गाळपाच्या हंगामात उसाने भरलेल्या बैलगाड्या व ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रात्रीही रस्त्यावर असतात. परावर्तक नसल्यास त्या अंधारात दिसत नाहीत. आषाढी व कार्तिकी वारीच्या काळात पंढरपूरकडे जाणाऱ्या रस्त्यांवर गर्दी असते आणि वाहतूक वळवली जाते.

## ऋतुमान

सोलापूर पर्जन्यछायेच्या प्रदेशात येते. एप्रिल व मे महिन्यांत दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. या काळात पहाटे निघून अकराच्या सुमारास थांबणे आणि उन्हे उतरल्यावर थोडे अंतर कापणे, अशी प्रवासाची विभागणी केली जाते. पावसाळ्यात येथे पाऊस कमी असला, तरी काळ्या जमिनीतील कच्चा रस्ता चिकट होतो. चिखल मडगार्ड व चाकामध्ये साचून चाक फिरेनासे होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ प्रवासासाठी व मुक्कामासाठी सर्वांत अनुकूल आहे.

## मुक्काम

महाराष्ट्रात तंबू टाकून राहण्याची पद्धत प्रामुख्याने सह्याद्रीतील गिर्यारोहकांमुळे रुजली. सोलापूर परिसरात मात्र तीर्थक्षेत्रांतील धर्मशाळा, मठ व भक्तनिवास ही प्रवाशांची जुनी सोय आहे. शासनाच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणानंतर शेतावरील मुक्कामालाही अधिकृत चालना मिळाली. शेतकऱ्याच्या परवानगीने वस्तीजवळ राहुटी टाकल्यास पाणी, स्वच्छतागृह व मदत जवळ असते. ज्येष्ठ प्रवाशांसाठी हा पर्याय निर्जन जागेपेक्षा सुरक्षित आहे.

राहुटीसाठी काळ्या मातीपेक्षा मुरमाड, किंचित उंच जागा योग्य असते. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात व त्यांत विंचू, साप आढळतात; पाऊस आल्यास जमीन चिखलमय होते. नदी-ओढ्याच्या पात्रात मुक्काम करणे धोक्याचे असते, कारण धरणातून सोडलेले पाणी स्थानिक पाऊस नसतानाही येऊ शकते. नान्नज येथील माळढोक अभयारण्याच्या गवताळ प्रदेशात वनविभागाच्या परवानगीशिवाय प्रवेश व मुक्काम करता येत नाही. माळरानावरील वाळलेले गवत लगेच पेट घेत असल्याने शेकोटी टाळणे आवश्यक आहे.

सामानात जमिनीवर अंथरण्याचे जाड बैठे, पांघरूण, विजेरी, औषधे व पाणी यांना प्राधान्य दिले जाते. सोलापुरी चादर पांघरूण म्हणून टिकाऊ असते. कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी हे पदार्थ अनेक दिवस टिकतात, म्हणून प्रवासाच्या शिदोरीत त्यांचा समावेश असतो. जमिनीवरून उठणे कठीण जाणारे प्रवासी घडीची खाट किंवा खुर्ची नेतात. जड सामान शक्य तितके खाली व वाहनाच्या मध्याजवळ बांधावे लागते. मागच्या कॅरिअरवर उंच रचलेल्या ओझ्यामुळे वाहनाचा तोल बिघडतो.

## परवाना व कायदेशीर बाबी

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील २०१९ च्या दुरुस्तीनुसार ५० ते ५५ या वयात दिलेला किंवा नूतनीकरण केलेला परवाना वयाच्या साठाव्या वर्षापर्यंत वैध असतो. ५५ वर्षांनंतर तो एका वेळी पाच वर्षांसाठी मिळतो. वयाच्या चाळिशीनंतर अर्जासोबत नमुना १-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावे लागते. मुदत संपून एक वर्षापेक्षा अधिक काळ गेल्यास वाहन चालवण्याची चाचणी पुन्हा द्यावी लागते. वैध परवाना नसल्यास अपघातानंतर विम्याचा दावाही अडचणीत येतो.

वाहनाची नोंदणी १५ वर्षांनंतर तपासणी करून पाच वर्षांसाठी नूतनीकृत केली जाते. महाराष्ट्रात अशा वाहनांवर पर्यावरण कर आकारला जातो. २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपातील वाहनांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीची स्वतंत्र तरतूद करण्यात आली. मात्र अशी नोंदणी केलेले वाहन प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे व देखभाल याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. जुन्या जावा किंवा बुलेटवरून नियमित प्रवास करू इच्छिणाऱ्या व्यक्तीला त्यामुळे सर्वसाधारण नोंदणीच चालू ठेवावी लागते.

## आरोग्य व सुरक्षितता

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होते. वयानुसार हाडे ठिसूळ होत असल्याने तरुणाला खरचटण्यावर निभावणारी पडझड ज्येष्ठाला दीर्घकाळ अंथरुणाला खिळवू शकते. भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह असलेले हेल्मेट, हातमोजे, घोट्यावर येणारे बूट आणि कोपर-गुडघ्यांची संरक्षक कवचे यांचे महत्त्व म्हणून अधिक आहे.

मोतीबिंदूच्या सुरुवातीच्या अवस्थेत दिवसा दिसण्यात फारसा फरक जाणवत नाही. मात्र रात्री समोरील दिव्यांचा प्रकाश पसरून डोळे दिपतात. मधुमेहामुळे तळपायांची संवेदना कमी झाल्यास मागच्या ब्रेकवरील दाबाचा अंदाज चुकतो. साखर कमी करणारी औषधे घेऊन जेवण लांबवल्यास वाहन चालवताना भोवळ येऊ शकते. उतारवयात तहानेची जाणीवही मंदावते, त्यामुळे उन्हात तहान लागण्याची वाट न पाहता ठरावीक अंतराने पाणी पिणे आवश्यक असते. सर्दी व ॲलर्जीवरील काही औषधांनी गुंगी येते.

या मर्यादांमुळे प्रवास बंदच करावा लागतो असे नाही. त्याचे स्वरूप बदलावे लागते. सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोहोचणे, दिवसाचे अंतर कमी करणे, तासाभराने थांबणे, हलके वाहन वापरणे आणि सोबतीने जाणे हे बदल सामान्यतः केले जातात. प्रवासाचा मार्ग व मुक्कामाची वेळ घरच्यांना कळवलेली असल्यास मदत लवकर मिळू शकते. मान वळवून मागे पाहणे, एका पायावर वाहनाचा तोल सांभाळणे किंवा क्लच पूर्ण दाबणे जमेनासे झाल्यास परवाना वैध असूनही वाहन चालवणे थांबवणे इष्ट ठरते. परवाना एकदा पाच वर्षांसाठी मिळत असल्याने मधल्या काळातील हा निर्णय चालकालाच घ्यावा लागतो.

## दूरचे प्रवास

लडाख हे भारतीय मोटारसायकलस्वारांचे आवडते ठिकाण आहे. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४६० मीटर, तर लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. विरळ हवेचा त्रास टाळण्यासाठी लेह येथे किमान दोन दिवस विश्रांती घेऊन मगच खारदुंग ला (सुमारे ५,३५९ मीटर) सारख्या खिंडींकडे जाणे योग्य मानले जाते. हृदयविकार किंवा श्वसनविकार असलेल्यांनी आधी वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक आहे. पूर्ण अंतर रस्त्याने न कापता मोटारसायकल रेल्वेने पार्सल म्हणून पाठवता येते. त्यासाठी पेट्रोलची टाकी रिकामी करून वाहनाचे वेष्टन करावे लागते आणि नोंदणी प्रमाणपत्राची प्रत द्यावी लागते.

जागतिक पातळीवर ब्रिटिश पत्रकार टेड सायमन यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १९३१ मध्ये जन्मलेल्या सायमन यांनी १९७३ ते १९७७ या काळात ५०० सीसी ट्रायम्फ मोटारसायकलीवरून जगप्रवास केला. त्या प्रवासात ते भारतातही आले होते. २००१ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना, त्यांनी बीएमडब्ल्यू मोटारसायकलीवरून जवळपास त्याच मार्गाने दुसरा प्रवास सुरू केला. पहिल्या प्रवासावरील 'ज्युपिटर्स ट्रॅव्हल्स' (१९७९) आणि दुसऱ्यावरील 'ड्रीमिंग ऑफ ज्युपिटर' ही त्यांची पुस्तके प्रकाशित झाली आहेत.