चाकांवरचा तंबू : विकत घेताना आणि ओढून नेताना

अमेरिकेत शाळांना उन्हाळ्याची सुटी लागली, की महामार्गांवर एक वेगळेच दृश्य दिसू लागते. नेहमीच्या घरगुती मोटारीच्या मागे एक बुटकी, चपटी पेटी दोन चाकांवर धावत असते. संध्याकाळी एखाद्या राष्ट्रीय उद्यानातील तळावर पोहोचल्यावर हँडल फिरवले, की तिचे छप्पर वर उचलले जाते, दोन्ही टोकांचे पलंग बाहेर सरकतात, कॅनव्हासच्या भिंती ताणल्या जातात आणि अर्ध्या तासात पाच-सहा जणांच्या निजण्याची सोय होते. हा पॉप-अप कॅम्पर, म्हणजेच घडीचा ट्रेलर.

मुलांना यलोस्टोन, योसेमिटी, ग्लेशियर दाखवण्याची हौस तिथल्या मराठी कुटुंबांतही आहे. भारतातून आजी-आजोबा आलेले असले, की हॉटेलांचा खर्च वाढतो आणि जमिनीवरच्या तंबूत त्यांना झोपवणे प्रशस्त वाटत नाही. अशा वेळी काही हजार डॉलरांत मिळणारा वापरलेला पॉप-अप हा मधला मार्ग ठरतो. मात्र स्वस्तात मिळालेली वस्तू महागात पडू नये आणि घरच्या मोटारीला झेपेल त्याहून अधिक ओझे तिच्या मागे लागू नये, यासाठी काही गोष्टी आधीच समजून घेतलेल्या बऱ्या.

पेटीत मावणारे घर

या प्रकारच्या ट्रेलरचा प्रसार १९६०च्या दशकात झाला. कंदील आणि शेगड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या कोलमन कंपनीने १९६७ मध्ये घडीचे ट्रेलर बाजारात आणले. पुढच्याच वर्षी इंडियाना राज्यातील मिडलबरीजवळ लॉइड बॉनट्रेगर यांनी आपल्या शेतावर जेको कंपनी सुरू केली. एकच हँडल फिरवून छप्पर चारही कोपऱ्यांवर सारखे उचलण्याची त्यांची युक्ती हा त्या व्यवसायाचा पाया होता. आजही बहुतेक पॉप-अपमध्ये तारा, कप्प्या आणि चार कोपऱ्यांतले खांब यांच्या आधारेच छप्पर वर जाते.

घडी घातलेला ट्रेलर उंचीने कमी असल्यामुळे त्याला वाऱ्याचा विरोध कमी होतो, मागचा रस्ता आरशात दिसतो आणि तो एखाद्या मोठ्या गॅरेजमध्येही ठेवता येतो. या सोयींची किंमत मोजावी लागते ती देखभालीत. कापड, लाकूड, तारा आणि सांधे यांचे हे घर असल्याने दुर्लक्ष झाले, की ते पक्क्या भिंतींच्या कॅम्परपेक्षा लवकर खंगते.

आधी मोटार, मग ट्रेलर

खरेदीची सुरुवात ट्रेलर पाहून नव्हे, तर स्वतःच्या मोटारीची माहितीपुस्तिका वाचून करावी. मोटार किती वजन ओढू शकते, हे तिथे स्पष्ट दिलेले असते. कुटुंबांत लोकप्रिय असलेल्या अनेक मिनीव्हॅनची ही मर्यादा ३,५०० पौंड, म्हणजे सुमारे १,५९० किलो असते. तीही बहुधा गिअरबॉक्सचे तेल थंड ठेवणारी जादा यंत्रणा बसवलेली असेल तरच. मोटारीत प्रवासी वाढले, की ही मर्यादा किती उतरते, याचे तक्तेही काही पुस्तिकांत असतात.

विक्रेता सांगतो ते बहुधा ट्रेलरचे ‘कोरडे’ वजन असते. समजा, ते १,८०० पौंड आहे. २० गॅलन पाण्याची टाकी भरली, की सुमारे १६५ पौंड वाढतात. भरलेले प्रोपेनचे सिलिंडर आणि बॅटरी यांचे ९० पौंड धरावेत. भांडी, अंथरुणे, खुर्च्या, शिधा, कपडे यांचे साडेचारशे पौंड सहज होतात. म्हणजे रस्त्याला लागताना तोच ट्रेलर २,५०० पौंडांचा झालेला असतो. ट्रेलरवरील पट्टीवर त्याचे कमाल अनुज्ञेय एकूण वजन छापलेले असते. खरेदीचा निर्णय कोरड्या वजनावर न घेता या आकड्यावर घेणे शहाणपणाचे.

दुसरा हिशेब याहून महत्त्वाचा असून बहुतेकांच्या नजरेतून तोच सुटतो. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार त्याच्या पुढच्या दांड्यातून थेट मोटारीच्या मागच्या भागावर येतो. २,५०० पौंडांच्या ट्रेलरचा हा भार सुमारे ३०० पौंड भरतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवर प्रवासी आणि सामान मिळून किती वजन चालेल, याचा आकडा चिकटवलेला असतो. तो १,२०० पौंड आहे असे धरले आणि पाच माणसांचे ७०० पौंड झाले, तर दांड्याचा भार धरून बेरीज १,००० वर जाते. मोटारीत सामान ठेवायला उरतात अवघे २०० पौंड. ओढण्याची क्षमता शिल्लक असूनही मोटार याच हिशेबात अडते. मागचा भाग खाली बसला, की पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू व ब्रेक दोन्हींची पकड कमी होते.

पाणी हाच मुख्य वैरी

वापरलेला पॉप-अप घडी घातलेल्या स्थितीत कधीही विकत घेऊ नये. विक्रेत्याला तो पूर्ण उघडायला सांगावे आणि हँडल स्वतः फिरवून पाहावे. छप्पर चारही कोपऱ्यांवर सारखे वर जाते का, मध्येच अडखळते का, तारांचे धागे सुटले आहेत का, हे पाहावे. उचलण्याची यंत्रणा दुरुस्त होते, पण ते काम वेळखाऊ आणि खर्चिक असते. छप्पर वर असताना त्याखाली आधाराचे दांडके लावल्याखेरीज कोणीही यंत्रणेत हात घालू नये.

यानंतर पाण्याचा शोध घ्यावा. आत शिरताच कुबट वास आला, तर तो कॅनव्हासला धरलेल्या बुरशीचा असण्याची शक्यता मोठी. कापडावरचे काळे ठिपके, शिवणींतून दिसणारा उजेड, पलंगाच्या कोपऱ्यांवर विरलेले कापड आणि अडकणाऱ्या चेन तपासाव्यात. जमिनीवर सर्वत्र पाय दाबून चालावे. दार, कोपरे आणि चाकांवरच्या पेट्या येथे जमीन मऊ लागली, तर खालचे लाकूड कुजलेले समजावे. छपराच्या कडा आणि वातानुकूलन यंत्राभोवतीचा भाग बोटांनी दाबून पाहावा. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धातील काही मॉडेलांची प्लॅस्टिकची छपरे पुढे तडकत गेली. त्यामुळे त्या काळातल्या ट्रेलरच्या छपरावर चढून वा शिडी लावून बारकाईने नजर फिरवावी लागते. चढण्यापूर्वी छप्पर माणसाचे वजन पेलते का, हे मात्र विचारून घ्यावे.

नवीन कॅनव्हास शिवून मिळतो, पण जुन्या ट्रेलरच्या किमतीच्या मानाने तो खर्च मोठा असतो. फाटलेली गादी किंवा बंद पडलेला दिवा ही किंमत कमी करून घेण्याची कारणे आहेत. कुजलेली जमीन मात्र व्यवहार सोडून देण्याचे कारण आहे.

शेगडी, शीतकपाट आणि पाण्याचा पंप प्रत्यक्ष चालवून पाहावेत. प्रोपेनच्या सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का, हे पाहण्याची जुनी पद्धत आजही उपयोगी आहे. आत शेगडी किंवा हीटर असेल, तर कार्बन मोनॉक्साइड आणि प्रोपेन यांचे इशारे देणारी उपकरणे हवीतच. त्यांचेही आयुष्य ठरलेले असल्याने मुदत उलटली असल्यास ती बदलावीत.

चाके आणि कागदपत्रे

वर्षातले दहा-अकरा महिने एका जागी उभ्या असलेल्या ट्रेलरचे टायर झिजत नाहीत. ते नुसतेच म्हातारे होतात. त्यामुळे नक्षी नव्यासारखी दिसली, तरी टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ या अक्षरांनंतर येणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचावेत. ‘३२१८’ याचा अर्थ २०१८ या वर्षाचा बत्तिसावा आठवडा. पाच-सहा वर्षांहून जुने टायर बदलणे हा खरेदीच्याच खर्चाचा भाग मानावा. बदलताना ट्रेलरसाठी बनवलेले, ‘एसटी’ अक्षरांचे टायर घ्यावेत आणि त्यांत बाजूवर छापलेल्या दाबाइतकी हवा ठेवावी. भर उन्हात, कमी हवेच्या जुन्या टायरवर भरलेला ट्रेलर ओढणे म्हणजे टायर फुटण्याला आमंत्रण.

चाकांच्या बेअरिंगमध्ये ग्रीस शेवटचे कधी भरले, हा प्रश्न अवश्य विचारावा. साधारणतः वर्षातून एकदा हे काम करायचे असते. उत्तर ठामपणे मिळाले नाही, तर ते काम पहिल्या प्रवासाआधी करून घ्यावे.

मालकीचा दाखला विक्रेत्याच्याच नावावर आहे ना, त्यावरील क्रमांक ट्रेलरच्या सांगाड्यावरील क्रमांकाशी जुळतो ना आणि त्यावर कर्जाचा बोजा नाही ना, याची खात्री पैसे देण्यापूर्वी करावी. ट्रेलरच्या नोंदणीचे आणि तपासणीचे नियम प्रत्येक राज्यात वेगवेगळे आहेत.

जोडणीतील कच्चे दुवे

ट्रेलर मोटारीला जोडणाऱ्या लोखंडी चौकटीला हिच म्हणतात. पहिल्या श्रेणीचा हिच २,००० पौंडांपर्यंत, तर दुसऱ्या श्रेणीचा ३,५०० पौंडांपर्यंतचा ट्रेलर पेलतो. दणकट हिच बसवल्याने मोटारीची स्वतःची मर्यादा मात्र वाढत नाही. मोटार, हिच, त्यावरचा गोळा आणि ट्रेलर यांपैकी ज्याची क्षमता सर्वांत कमी, तीच संपूर्ण जोडणीची क्षमता होय. गोळ्याचा व्यास ट्रेलरच्या खोबणीला तंतोतंत जुळायला हवा. पावणेदोन इंचांहून किंचित मोठा गोळा दोन इंची खोबणीत बसल्यासारखा भासतो आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात निसटतो.

सुरक्षा साखळ्या दांड्याखालून एकमेकींना छेदून अडकवतात. त्यामुळे जोड सुटलाच, तर दांडा रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीत तोलला जातो. दिव्यांच्या जोडणीसाठी साध्या ट्रेलरला चार पिनांचे, तर विजेवर चालणारे ब्रेक असलेल्याला बहुधा सात पिनांचे कनेक्टर लागते. किती वजनापासून ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक हवेत, याचा कायदा राज्यागणिक बदलतो. अनेक राज्यांत ही मर्यादा ३,००० पौंड, तर कॅलिफोर्नियात १,५०० पौंड आहे. कायद्याने सक्ती नसली, तरी डोंगराळ भागात जाणाऱ्यांनी ब्रेक असलेलाच ट्रेलर निवडावा.

रस्त्यावर

सामान भरताना जड वस्तू आसाच्या किंचित पुढे आणि खाली ठेवाव्यात. मागे सायकली, पाण्याचे कॅन आणि शीतपेटी रचली, की दांड्यावरचा भार घटतो आणि वेगात ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. तसे झाल्यास घाबरून मोटारीचा ब्रेक दाबू नये, सुकाणूही जोराने फिरवू नये. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय अलगद उचलावा, सुकाणू सरळ धरावे आणि ट्रेलरच्या ब्रेकचे स्वतंत्र बटण असल्यास तेवढेच हळुवार वापरावे. मग सुरक्षित जागी थांबून सामान नव्याने लावावे.

थांबण्यासाठी लागणारे अंतर वाढलेले असते, म्हणून पुढच्या वाहनापासून नेहमीपेक्षा बरेच मागे राहावे. घाट उतरताना खालचा गिअर घ्यावा, अन्यथा ब्रेक तापून निकामी होण्याची भीती असते. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या वाहनांना ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे. जिथे ती नाही, तिथेही टायरची वेगमर्यादा पाळावीच लागते. वळताना ट्रेलरची चाके मोटारीच्या चाकांपेक्षा आतून जातात, त्यामुळे वळण मोठे घ्यावे.

मागे नेणे हीच नवख्यांची खरी परीक्षा. हात सुकाणूच्या तळाशी धरावा. हात डावीकडे नेला, की ट्रेलरही डावीकडे जातो. रविवारी सकाळी एखाद्या मोकळ्या वाहनतळावर तासभर सराव केला, तर अंधारात पोहोचल्यावर तळावर होणारी फजिती टळते.

तळावर

पॉप-अप सर्वत्र चालतो, असा समज करून निघू नये. यलोस्टोनमधील फिशिंग ब्रिज येथील आरव्ही तळावर ग्रिझली अस्वलांमुळे केवळ पक्क्या भिंतींच्या वाहनांनाच परवानगी आहे. कापडी भिंतींच्या पॉप-अपला तिथे जागा मिळत नाही. ग्लेशियर उद्यानातील ‘गोइंग-टू-द-सन’ मार्गाच्या डोंगरी टप्प्यावर २१ फुटांपेक्षा लांब वाहनाला बंदी असून, मोटार आणि ट्रेलर यांची लांबी त्यासाठी एकत्र मोजली जाते. म्हणून ट्रेलर तळावरच उभा करून पुढे जावे लागते. अस्वलांच्या प्रदेशात फोडणीचा वास आणि डब्यांतले लाडू-चिवडे हीही जोखीम ठरते. सर्व खाद्यपदार्थ तळावरील लोखंडी पेटीत किंवा तिथल्या नियमाप्रमाणे बंदिस्त ठेवावेत.

आजी-आजोबा सोबत असतील, तर टोकाचे पलंग त्यांना देऊ नयेत; ते उंच असतात आणि रात्री खाली उतरताना पडण्याची भीती असते. जेवणाचे टेबल खाली करून तयार होणारा पलंग त्यांच्यासाठी सोयीचा. थंडी कितीही असो, शेगडी पेटवून आतली हवा गरम करण्याचा मोह टाळावा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला त्याची जाणीवही होत नाही.

परतताना पाऊस लागला आणि ओला कॅनव्हास तसाच मिटावा लागला, तर घरी पोहोचताच एक-दोन दिवसांत ट्रेलर पुन्हा उघडून पूर्ण वाळवावा. दमून आलेल्या कुटुंबाला हे काम नकोसे वाटते. पण कुबट वासाचे बहुतेक ट्रेलर विक्रीला येतात ते याच एका आळसापायी.

महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, त्यामुळे चाकांवरच्या मुक्कामाची कल्पना आता आपल्याकडेही अपरिचित राहिलेली नाही. वाहन कोणतेही असो, दाराच्या चौकटीवरचा वजनाचा आकडा आणि जमिनीवर दाबून पाहिलेला पाय या दोन तपासण्यांना पाच मिनिटेही लागत नाहीत. त्या केलेल्या असल्या, तर डोंगराच्या उतारावर मागे बसलेली मुले आणि आजी निर्धास्तपणे खिडकीबाहेर पाहू शकतात.