लाव्हाच्या थरांमधला डेक्कनोलेस्टिस
लोणावळ्याजवळच्या तुंगार्लीच्या डोंगरात पायाखाली असतो तो दख्खनचा बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. याच लाव्हापठाराच्या दुसऱ्या कडेला, तेलंगणातल्या नासकलला, लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात चिचुंद्रीसारख्या सस्तन प्राण्याचे इवले दात सापडले. डायनासोरांच्या काळातले! १९८८ मध्ये जीवाश्मशास्त्रज्ञ प्रसाद आणि साहनी यांनी त्याला डेक्कनोलेस्टिस नाव दिलं; त्यातली हिस्लोपी ही जात नागपूरचे मिशनरी आणि भूशास्त्रज्ञ स्टीफन हिस्लॉप यांच्या नावाची.

दातांवरून तो आधी पॅलिओरिक्टिड कुळात गेला. घोट्याची हाडं झाडावर चढणाऱ्याची निघाल्यावर थेट माकडांच्या पूर्वजांशी नातं जोडलं गेलं. २०१० मध्ये अ‍ॅडापिसोरिक्युलिड कुळ सुचवलं गेलं, तर २०११ च्या अभ्यासात तो आजच्या अपरायुक्त (प्लॅसेंटल) सस्तनांच्या शाखेबाहेर गेला. मला हीच मांडणी जास्त पटते.