शब्दाला किती, कामाला किती?

मार्च २०१३ मध्ये नेट थेअर या अमेरिकी पत्रकाराला ‘द अटलांटिक’ मासिकाच्या ऑनलाइन आवृत्तीकडून ई-मेल आला. उत्तर कोरिया आणि बास्केटबॉल या विषयावरचा त्याचा मोठा लेख त्यांना आवडला होता. तो १२०० शब्दांत बसवून द्याल का, अशी विचारणा होती. पैशांची गोष्ट निघाल्यावर उत्तर आलं : बजेट नाही, पण साइटला महिन्याला १ कोटी ३० लाख वाचक आहेत, तेवढी प्रसिद्धी मिळेल. थेअर काही नवखा नव्हता. १९९७ मध्ये कंबोडियाच्या जंगलात शिरून पोल पॉटची मुलाखत मिळवणारा हा माणूस. त्यानं नकार तर दिलाच, वर सगळा पत्रव्यवहार जगजाहीर केला. मासिकाला दिलगिरी व्यक्त करावी लागली.

फुकट मागणं वाईट, यावर एकमत व्हायला वेळ लागत नाही. खरी पंचाईत त्यापुढे आहे. पैसे द्यायचे ठरलं, तर किती? आणि कशाच्या मापानं?

सर्वांत सोपं माप शब्दांचं. अनुवादकाला शब्दामागे, तालुक्याच्या वार्ताहराला कॉलम सेंटिमीटरमागे पैसे देण्याची रीत छापील जगात होतीच, तीच ऑनलाइन आली. हिशेबाला सोयीची, भांडणाला जागा न ठेवणारी. पण समजा, एका पोर्टलचा दर शब्दाला १ रुपया आहे. एक लेखक कंपनीचं प्रसिद्धिपत्रक समोर ठेवून नव्या मोबाइलवर १२०० शब्द लिहितो. तीन तासांत काम फत्ते. तासाला ४०० रुपये पडले. दुसरी लेखिका टँकरच्या खेपांमधला घोळ शोधायला निघते. एसटीनं तालुक्याला जाणं, पंचायत समितीत नोंदी हाती येईपर्यंत बसून राहणं, दोन गावांतल्या लोकांशी बोलणं, रात्री टिपणं जुळवणं, दुसऱ्या दिवशी गटविकास अधिकाऱ्यांची बाजू जाणून घेणं. सोळा तास, शिवाय प्रवासाचे ३०० रुपये. तिच्याही लेखाचे शब्द १२००च. हातात उरले ९००, म्हणजे तासाला ५६ रुपये. पुढच्या महिन्यात ती कशावर लिहील, हे सांगायला ज्योतिषी नको. संपादकानं टँकरचा विषय कधीच नाकारलेला नसतो. त्याच्या दरपत्रकानं नाकारलेला असतो.

अमेरिकेतल्या ‘डिमांड मीडिया’नं हे गणित पार टोकाला नेलं. लोक गूगलवर काय शोधतात ते पाहून विषय काढायचे आणि लेखामागे साधारण १५ डॉलर देऊन भराभर लिहून घ्यायचे. जानेवारी २०११ मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली, तेव्हा तिचं मूल्य न्यूयॉर्क टाइम्स कंपनीपेक्षा जास्त भरलं! पुढच्याच महिन्यात गूगलनं सुमार मजकूर शोधयादीत खाली ढकलायला सुरुवात केली आणि या घाऊक लेखनाचे दिवस फिरले.

दुसरं माप वाचकसंख्येचं. ‘गॉकर’ या अमेरिकी ब्लॉगनं २००८ मध्ये लेखकांची कमाई पेज-व्ह्यूजशी जोडली. ‘मीडियम’ या लेखनाच्या साइटनं आधी वाचकांच्या टाळ्या मोजल्या, मग २०१९ पासून वाचनाला दिलेला वेळ. ऐकायला हे न्याय्य वाटतं. पण मथळा, फोटो, लेख मुखपृष्ठावर किती वेळ राहणार, हे सगळं संपादकाच्या हातात. लेख पडला की तोटा मात्र लेखकाचा. ठरलेल्या मानधनावर बक्षीस म्हणून व्ह्यूजचे पैसे जरूर द्यावेत, मानधनाऐवजी नकोत.

मग उरतं ते वेळेचं माप. विषय ठरतानाच लेखकाला विचारायचं : किती फोन, किती फेऱ्या, किती दिवस? त्यावरून एकरकमी आकडा ठरवायचा, प्रवासखर्च वेगळा धरायचा, आणि सांगून लिहून घेतलेला लेख छापला नाही तरी काही रक्कम द्यायची. संपादक विचारतील, एवढे पैसे आणायचे कुठून? प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर दिवसाला वीसऐवजी बारा लेख टाकणं हे आहे. उरलेले आठ कुणाला आठवतही नाहीत.

आकड्याइतकंच महत्त्व तो आधी ठरण्याला. ‘हफिंग्टन पोस्ट’ ही बातम्यांची साइट २०११ मध्ये ‘एओएल’ या इंटरनेट कंपनीनं ३१.५ कोटी डॉलरना विकत घेतली, तेव्हा तिथं फुकट लिहिलेल्या ब्लॉगरांनी वाटा मागत दावा लावला. न्यायालयानं तो फेटाळला. पैसे मिळणार नाहीत हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं, हेच त्यांच्या विरोधात गेलं. न्यूयॉर्क शहरात २०१७ पासून कायदाच आहे : ८०० डॉलर किंवा त्याहून मोठ्या कामाचा लेखी करार हवा, आणि करारात तारीख नसेल तर काम संपल्यावर ३० दिवसांत पैसे.

आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नसला, तरी लेखक अगदीच निःशस्त्र नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर लेखी आणि सहीनिशी. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे ‘सर्व हक्क कायमचे आमचे’ ही ओळ ज्या पोर्टलला हवी, त्यानं तिची वेगळी किंमत मोजायला हवी. आणि उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व्यावसायिकाचं देणं फार तर ४५ दिवसांत चुकतं करावं, असं २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा सांगतो. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज. मुक्त लेखकांनी ही नोंदणी करून ठेवावी.

ब्रिटनमध्ये पत्रकारांच्या संघटनेची लंडन शाखा कुणाला कुठून किती मिळाले, याची उघडी यादी ठेवते. आपल्याकडे त्याची सुरुवात पोर्टलांनीच करायला हरकत नाही. ‘लेख पाठवा’ म्हणताना पत्ता आणि शब्दमर्यादा छापली जातेच. त्याच ओळीत मानधनाचा आकडा आणि तो किती दिवसांत मिळेल, हेही संपादकांनी लिहावं.