पिवळ्यावर पिवळा : स्थिरचित्रातला रंग

स्थिरचित्रात घडत काहीच नाही. टेबलावर एक बरणी, दोन-चार फळे, चुरगळलेला रुमाल आणि मागे भिंत, एवढाच ऐवज. व्यक्तिचित्रात चेहरा बोलतो, प्रसंगचित्रात कथा असते, निसर्गचित्राला ऋतू आणि वेळ सांभाळावी लागते. लिंबाला सांगण्यासारखे काही नसते. त्यामुळे या चित्रप्रकारात रंगाला जेवढे मोकळे रान मिळते तेवढे इतरत्र क्वचित मिळते. शिवाय मांडणी सर्वस्वी चित्रकाराच्या हाती असते. हिरवी बाटली उचलून निळी ठेवता येते, मागचे कापड बदलता येते, संत्र्याशेजारी वांगे ठेवता येते. कॅनव्हासला ब्रश लागण्याआधीच निम्मे रंगकाम टेबलावर उरकलेले असते.

तरीही कित्येक शतके युरोपातल्या स्थिरचित्रांत रंगाचे काम चाकरीचे होते. सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांनी सोललेल्या लिंबाची साल, चांदीच्या पेल्यावरची चमक आणि शिंपल्याचा ओलसरपणा थक्क करणाऱ्या कौशल्याने उतरवला. पण त्यांच्याकडे पिवळा रंग लिंबाचा असतो, स्वतःचा नसतो. वस्तू ओळखू आली, तिचे वजन आणि पोत जाणवला, की रंगाचे काम संपले. फ्रान्समध्ये झां सिमेओं शार्दां (1699–1779) याने या चाकरीत थोडी सूट घेतली. 1761 साली त्याने रंगवलेली रानस्ट्रॉबेरींची परडी 2022 मध्ये पॅरिसच्या लिलावात गाजली आणि आता लूव्र संग्रहालयात आहे. जेमतेम 38 बाय 46 सेंटिमीटरचे हे चित्र. तपकिरी अंधारात स्ट्रॉबेरींचा लाल ढीग, शेजारी पाण्याचा पेला, पुढे दोन पांढरी कार्नेशन फुले, एक पीच आणि दोन चेरी. फुलांचा थंड पांढरा तिथे नसता तर तो लाल निम्म्याने विझला असता. शार्दांला हे डोळ्याने कळले होते. त्यामागचा नियम सांगणारा माणूस मात्र चित्रकार नव्हता, रसायनशास्त्रज्ञ होता.

मिशेल यूजेन शेव्रल 1824 मध्ये पॅरिसच्या गोबलँ या शाही विणकामशाळेत रंगाईचा प्रमुख झाला. तिथल्या काळ्या रंगाबद्दल तक्रार होती, की तो पुरेसा काळा दिसत नाही. शेव्रलने तपासले तेव्हा रंगात खोट निघाली नाही, शेजाऱ्यात निघाली. निळ्या-जांभळ्या धाग्यांना लागून विणलेला काळा धागा त्यांच्यामुळे फिका भासत होता. यातून 1839 साली त्याचा समकालिक विरोधावरचा मोठा ग्रंथ आला. एकमेकांना खेटून असलेले दोन रंग एकमेकांना आपल्या पूरक रंगाकडे ढकलतात, हे त्याचे सार. लाल पट्ट्यावर ठेवलेला राखाडी कागद हिरवट दिसतो. लाल आणि हिरवा, निळा आणि नारिंगी, पिवळा आणि जांभळा या जोड्या शेजारी आल्या, की दोन्ही रंग आपापल्या मूळ तीव्रतेहून प्रखर होतात. रंगाला स्वतःची अशी ठाम किंमत नसते, ती शेजाऱ्यावर ठरते, एवढे यातून सिद्ध झाले. रंगाकडून वस्तूच्या वर्णनापलीकडचे काही काढायचे असेल, तर चित्रकाराला हाताशी असलेला हाच मार्ग होता.

तो मार्ग अखेरपर्यंत चालून गेलेला चित्रकार म्हणजे व्हिन्सेंट व्हॅन गॉग, आणि त्याची वाटचाल जितकी सलग त्याच्या स्थिरचित्रांत दिसते तितकी इतरत्र दिसत नाही. सुरुवात नाइलाजाची होती. 1885 च्या सप्टेंबरात हॉलंडमधल्या न्यूनेन गावी कॅथलिक धर्मगुरूने गावकऱ्यांना त्याच्यासमोर बसण्यास मनाई केली. माणसे मिळेनात म्हणून त्याने बटाट्यांच्या टोपल्या, सफरचंदे आणि पक्ष्यांची घरटी रंगवायला घेतली. रंग अजून मातीचेच होते. त्याच सुमारास तो शार्ल ब्लां या लेखकाची पुस्तके झपाटून वाचत होता; चित्रकार दलाक्रवाच्या रंगयोजना आणि पूरक रंगांचे नियम त्याला प्रथम भेटले ते या पुस्तकांत, प्रत्यक्ष चित्रांत पुष्कळ नंतर.

ऑक्टोबरमध्ये त्याने बायबलचे चित्र केले, तेही एका दिवसात. मार्चमध्ये वारलेल्या पाद्री वडिलांचे जाडजूड बायबल उघडे पडले आहे, शेजारी विझलेली मेणबत्ती, मागे काळोख. पुढे टेबलाच्या कडेला एमिल झोलाच्या कादंबरीची हाताळून फाटलेली छोटी प्रत आहे आणि ती लिंबासारखी पिवळी आहे. बापलेकांमधला वाद, धर्मग्रंथ आणि आधुनिक कादंबरी, असे अर्थ या चित्रावर भरपूर लादले गेले आहेत. ते खोटे नाहीत. पण अर्थ कळण्याआधी नजर त्या पिवळ्या ठिपक्यावर जाते, हे महत्त्वाचे. आकाराने दहापट मोठ्या बायबलला तो एकटा ठिपका तोलून धरतो. त्याच महिन्यात ॲमस्टरडॅममध्ये फ्रान्स हाल्सची चित्रे पाहून त्याने हाल्सकडे सत्तावीस प्रकारचे काळे असावेत असे भावाला कळवले होते. बायबलमागचा काळोख त्या पाहण्यातून आलेला दिसतो. तो नुसता काळा नाही.

1886 च्या फेब्रुवारीअखेर तो पॅरिसला भाऊ थिओकडे राहायला गेला. मॉडेलला द्यायला पैसे नव्हते. त्या उन्हाळ्यात त्याने फुले रंगवली, एकामागून एक. थिओने आईला लिहिले, की ओळखीची मंडळी व्हिन्सेंटला दर आठवड्याला फुले पाठवतात. इंग्लिश चित्रकार लिव्हन्स याला पाठवलेल्या पत्रात व्हॅन गॉगने या फुलांचा हेतू स्पष्ट केला आहे. त्याला निळ्याशी नारिंगी, लालशी हिरवा, पिवळ्याशी जांभळा भिडवून पाहायचा होता आणि कर्कश टोके जुळवणारे मधले उदास रंग शोधायचे होते. खसखशीची लाल फुले आणि निळी कॉर्नफ्लॉवर्स हा त्याचा रियाज होता. गवई जसा एकच पलटा घोटतो तसा तो एकच जोडी पुन्हा पुन्हा घोटत होता. त्या पुष्पपात्रांची सगळीच चित्रे चांगली आहेत असे नाही. काही निव्वळ वहीतल्या कसरती आहेत.

या रियाजाचे एक साधन आजही ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहे. लाल रोगणाची एक पेटी आणि तिच्यात लोकरीचे छोटे गुंडे. काही गुंड्यांत दोन-तीन रंगांचे धागे एकत्र गुंडाळलेले आहेत. रंग कॅनव्हासवर लावण्याआधी तो लोकरीत जुळवून पाही. पैठणीतला धूपछाव पोत पाहिलेल्या मराठी वाचकाला याचे फार नवल वाटू नये. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्याचा आणि डोळ्याला दिसतो तो तिसराच, ही विणकराची जुनी युक्ती. शेव्रलही विणकामशाळेतलाच होता.

1887 मध्ये त्याने क्विन्स, लिंबे, पेअर आणि द्राक्षे यांचे एक चित्र केले आणि पूरक जोड्यांचा खेळ जवळजवळ बाजूला ठेवला. फळे पिवळी, खालचा पृष्ठभाग पिवळा आणि चौकटही त्याने स्वतः पिवळी रंगवली. त्याने रंगवलेली ही एकमेव मूळ चौकट आज शिल्लक आहे. इथे प्रश्न वेगळा होता: विरोधाच्या आधाराशिवाय एकाच रंगाच्या पोटातले भेद चित्र पेलू शकतात का?

दक्षिणेत आर्ल येथे 1888 च्या मे महिन्यात त्याने नव्या घरासाठी घेतलेली निळी एनॅमलची कॉफीची किटली, कप, दुधाचे भांडे, संत्री आणि लिंबे रंगवली. मित्र बेर्नार याला पाठवलेल्या पत्रात या चित्राचे रेखाटन आहे आणि त्यावर जागोजागी रंगांची नावे लिहिली आहेत. हिशेब असा: सहा निळे आणि चार-पाच पिवळे-नारिंगी. वस्तू त्याने घरात लागतात म्हणून घेतल्या असतील, पण टेबलावर त्या आल्या त्या रंग म्हणून.

ऑगस्टमध्ये सूर्यफुले आली. चित्रकार गोगँ राहायला येणार होता, त्याची खोली सजवायची होती. फुले लवकर कोमेजतात म्हणून व्हॅन गॉग पहाटेपासून कामाला लागे. म्युनिकमधल्या चित्राची पार्श्वभूमी निळसर हिरवी आहे. तिथे फुले विरोधाने पेटतात आणि गणित सहज समजते. लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या चित्रात भिंत पिवळी, टेबल पिवळे, बरणी पिवळी आणि फुलेही पिवळी. असे चित्र सपाट पडायला हवे होते. ते पडत नाही याची कारणे मोजता येतात. भिंत फिकी आणि टेबल गडद आहे. बरणीचे बरोबर उलटे केले आहे, वरचा भाग गडद, खालचा फिका. त्यामुळे प्रत्येक कड पिवळ्यातल्या पिवळ्यात उठते. टेबल आणि भिंत यांच्या सांध्यावर एक बारीक निळी रेघ धावते आणि बरणीवरची सही निळ्यात आहे. 92 बाय 73 सेंटिमीटरच्या चित्रात निळा एवढाच, वरणातल्या मिठाइतका. तो पुसला तर सगळा पिवळा अळणी होईल.

उरलेले काम तैलरंगाच्या अंगाने केले आहे. जवसाच्या तेलात घोटलेला रंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतो आणि ब्रशच्या केसांचा माग तसाच राहतो. सूर्यफुलांच्या बियांची वर्तुळे टोचल्यासारख्या जाड ठिपक्यांची आहेत, पाकळ्या लांब ओढलेल्या फटकाऱ्यांच्या, भिंत विणलेल्या चटईसारखी. एकाच पिवळ्यावर प्रकाश तीन तऱ्हांनी पडतो आणि डोळ्याला तीन पिवळे दिसतात. ही सोय जलरंगात नाही. तैलरंगाचा तोटाही याच गुणातून येतो. ओल्या रंगावर दुसरा ओला रंग फार घोळवला की दोन्ही मळतात, आणि पूरक रंग तर एकमेकांत मिसळताच करडे होतात. शेजारी ठेवले तर पेटणारे आणि एकत्र केले तर विझणारे असे हे रंग. म्हणून रंगाच्या बळावर चित्र करणारा चित्रकार मिश्रण पॅलेटवरच संपवतो, फटकारा एकदाच ठेवतो आणि ब्रश पुसत राहतो. सावलीत काळा ओतण्याऐवजी वस्तूच्या रंगाचा पूरक रंग थोडा मिसळतो, म्हणजे सावली अंधारी होते पण मरत नाही. डोळे किलकिले करून उजेड-अंधाराची पातळी तपासतो, कारण ती जागेवर असेल तर सफरचंद निळे केले तरी चालते आणि ती चुकली तर लाल सफरचंदही पटत नाही.

पुढच्या पिढीत आंरी मातीसने हे सूत्र टोकाला नेले. रशियन संग्राहक श्चुकीन याने जेवणघरासाठी त्याच्याकडून एक मोठे चित्र निळ्या सुसंवादाचे म्हणून घेतले होते. मातीसने 1908 मध्ये ते लाल करून टाकले. टेबल, फळे, सुरया आणि वाकून मांडणी करणारी बाई जागच्या जागी राहिली. बदलला तो रंग. टेबलक्लॉथ आणि भिंत एकाच लाल रंगात मिसळली, खोलीची खोली नाहीशी झाली आणि खिडकीतला हिरवा बागेचा तुकडा भिंतीवर टांगलेल्या चित्रासारखा झाला. हे चित्र आता सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेज संग्रहालयात आहे.

रंगाची अभिव्यक्ती म्हणजे भडकपणा, हा समज बोलोन्याच्या जॉर्जो मोरांदीने (1890–1964) खोडून काढला. तीन बहिणींसह राहत असलेल्या घरातल्या एका खोलीत, जिथे तो झोपेही, त्याने आयुष्यभर त्याच त्या बाटल्या, डबे आणि सुरया रंगवल्या. चमक आणि पारदर्शकता नको म्हणून तो बाटल्यांना रंग फासून ठेवी. करडा, मातकट गुलाबी, शिळ्या सायीसारखा पांढरा, एवढ्यावर त्याचे चाले. इतक्या दबक्या आवाजात एखादा निळसर करडाही मोठ्याने बोलल्यासारखा वाटतो. मांडलेल्या बाटल्यांतले अंतर बोटभर बदलले तरी चित्राची मनःस्थिती बदलते.

मुंबईत हा चित्रप्रकार मानाने नांदला तो के. एच. आरा (1914–1985) यांच्यामुळे. सिकंदराबादजवळच्या बोलारमचा हा मुलगा लहानपणीच मुंबईला आला, घरगडी म्हणून राबला आणि औपचारिक शिक्षणाशिवाय चित्रकार झाला. 1947 च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे ते संस्थापक सदस्य. हिटलरच्या काळात युरोपातून मुंबईत आलेल्या वॉल्टर लँगहॅमर आणि रूडॉल्फ फॉन लायडेन यांनी त्यांना आधार दिला. आरांनी फुलदाण्या आणि फळे विपुल रंगवली. जलरंगही त्यांच्या हातात तैलरंगासारखा दाट होई. याच ग्रुपमधल्या सूझा, रझा आणि हुसेन यांच्या शेजारी फुलदाणी घेऊन उभे राहणे सोपे नव्हते. समीक्षेने त्यांना या तिघांच्या मानाने कमी तोलले, याचे एक कारण विषयाचा साधेपणाच असावा. आपल्याकडे इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेत स्थिरचित्र हा एक पेपर असतो, आणि परीक्षेचा विषय कलेचाही विषय असू शकतो हे पटायला वेळ लागतो.

रंगाच्या भरवशावर उभ्या राहिलेल्या चित्राला एक धोका असतो, तो रसायनाचा. व्हॅन गॉगचा क्रोम पिवळा म्हणजे शिशाचा क्रोमेट. 2011 मध्ये ग्रनोबलच्या सिंक्रोट्रॉन या कणत्वरकातल्या अतिसूक्ष्म क्ष-किरणांनी दाखवले, की प्रकाशाने या पिवळ्यातले क्रोमियम वेगळ्या रासायनिक अवस्थेत जाते आणि रंग तपकिरी पडतो. गंधकयुक्त फिका प्रकार जास्त नाजूक. इओसिन या रंजकापासून केलेला लाल लेक रंग त्याहून अल्पायुषी. नवे रंग टिकत नाहीत हे व्हॅन गॉगला ठाऊक होते. काळ ते मवाळ करीलच, तेव्हा भडकच लावावेत, असा त्याचा 1888 मधला विचार होता.

1890 च्या मे महिन्यात सँ-रेमीचे रुग्णालय सोडण्यापूर्वी त्याने चार पुष्पपात्रे केली: दोन आयरिसची, दोन गुलाबांची. ॲमस्टरडॅममधले आयरिस जांभळे होते आणि मागे पिवळा, म्हणजे शेव्रलची नेमकी पूरक जोडी. जांभळ्यातला लाल उडाला आणि आज ते निळे दिसतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या आयरिसमागची गुलाबी भिंत जवळजवळ पांढरी झाली आहे. 2015 मध्ये मेट्रोपॉलिटनने चारही चित्रे एकत्र मांडली आणि मूळ रंग कसे असावेत ते संगणकावर उभे करून दाखवले. तिथल्या गुलाबांच्या चित्रात पाकळ्यांवर आणि टेबलाच्या कडेने गुलाबी रंगाचा थोडा अंश अजून सापडतो. बाकी गुलाब पांढरे दिसतात.