जुन्या पडघमाचा घुमारा



पाश्चात्य वाद्यवृंदांतील एका स्थूल आणि बहुधा दुर्लक्षित वाद्याविषयीं आज मी बोलणार आहें. त्याला बेस ड्रम म्हणतात. आपल्या भाषेंत मोठा पडघम म्हटलें तरी चालेल. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत बनलेले असे पडघम अजूनही कांहीं घरांतून व बँडवाल्यांच्या कोठारांतून आढळतात. असा पडघम हातीं आला म्हणजे त्याचा नवा धनी बहुधा दोहोंपैकीं एक गोष्ट करतो. तो आहे तसाच वाजवून पाहतो आणि त्याचा लांबणारा गोंगाट ऐकून कंटाळतो. किंवा त्याच्या पोटांत उशा आणि घोंगड्या कोंबतो, आणि मग त्यांतून रिकाम्या खोक्यावर मूठ आपटल्यासारखा आवाज निघूं लागतो. आपण डग्ग्याच्या बाबतींत ज्याला घुमारा म्हणतों, तो या दोहोंच्या मध्यें कोठें तरी असतो. तो कसा शोधावा, हें आपण पाहूं.

हें वाद्य युरोपांत आलें तें तुर्कांच्या लष्करी ताफ्यांतून. हायडन यानें १७९४ सालच्या आपल्या 'लष्करी' सिंफनींत त्याला स्थान दिलें. पुढें अमेरिकेंतील नृत्यगृहांत एकाच वादकानें अनेक ड्रम वाजविण्याची पद्धत पडली. १९०९ सालीं शिकागो येथें लुडविग बंधूंनीं पायानें चालणारा चपळ दांडा बाजारांत आणला, आणि तेव्हांपासून हा पडघम वादकाच्या उजव्या पायाशीं कायमचा बसला.

तबल्याच्या परिभाषेंत बोलावयाचें तर याच्या गोल लांकडी खोडाच्या दोन्ही तोंडांवर एकेक पुडी ताणलेली असते. वादकाकडची ती आघाताची पुडी आणि श्रोत्यांकडची ती दर्शनी पुडी. आघात झाला कीं पुडी एकाच प्रकारें हालत नाहीं. सबंध पुडी एकदम आंतबाहेर होते, हा तिचा मूळ नाद; त्याच वेळीं तिचे निरनिराळे भाग आपापल्या परीनें थरारतात, हे तिचे उपनाद. तारेच्या वाद्यांत उपनाद मूळ नादाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सरळ हिशेबानें येतात, म्हणून ते कानास गोड लागतात. गोल पुडीचा हिशेब असा सरळ नाहीं. मूळ नाद सेकंदास ५० कंपनांचा मानला, तर गणिताप्रमाणें पुढचे नाद सुमारें ८०, १०७ आणि ११५ कंपनांचे येतात. त्यांचें परस्परांशीं जमत नाहीं, आणि आपणांस नकोसा वाटणारा गोंगाट तो हाच. तबल्याच्या पुडीवर शाई चढवून आपल्या कारागिरांनीं ही अडचण फार पूर्वींच दूर केली. शाईमुळें उपनाद सरळ हिशेबांत कसे येतात, याचें शास्त्रीय विवरण चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं एका सहकाऱ्यासह १९२० सालीं प्रसिद्ध केलें. बेस ड्रमला शाई नाहीं. तेथें नको असलेले उपनाद शोषून घेणें एवढाच उपाय उरतो.

परंतु ते शोषावे कोठें? मूळ नादाच्या वेळीं पुडी मध्यभागीं सर्वांत अधिक हालते आणि कांठाशीं फारच थोडी. उपनादांत मात्र कांठाकडचा भागही बराच थरारतो. म्हणून कांठाजवळ मऊ वस्तु टेकविली तर गोंगाट ओसरतो आणि घुमारा वांचतो. मध्यभागीं टेकविली तर प्रथम घुमाराच जातो. पोटभर घोंगड्या कोंबणाराचें चुकतें तें येथें. या एका गोष्टीवर पुढील सर्व कृति अवलंबून आहे.

जुन्या पडघमाची घडणही या कामीं साहाय्य करते. त्याचें खोड पातळ लांकडाचें असून दोन्ही तोंडांशीं आंतून बळकटीसाठीं कडीं बसविलेलीं असतात. पुडी जेथें टेकते तो कांठ पुष्कळदां गोलसर असतो. अशा कांठावर पुडी थोडी अधिक रुंद टेकते आणि बारीक थरार तेथेंच निवतात. आधुनिक ड्रमचा कांठ बहुधा धारदार असतो व त्याचा आवाजही तसाच तीक्ष्ण येतो. म्हणून दुरुस्तीच्या भरांत जुना कांठ तासून नवा करूं नये. तो सपाट आहे कीं नाहीं हें मात्र पाहावें. खोड सपाट फरशीवर उभें करून आंत दिवा ठेवावा. कोठें फट असल्यास प्रकाशाची रेघ बाहेर दिसते.

जुन्या पुड्या वासराच्या कातड्याच्या. त्यांचा नाद मऊ, पण हवेपुढें त्यांचें कांहीं चालत नाहीं. दमट हवेंत त्या सैल पडतात आणि कोरड्या हवेंत ताणल्या जातात. १९२० च्या सुमारास अमेरिकेंतील वादक पडघमाच्या पोटांत विजेचा दिवा ठेवीत. त्यानें दर्शनी पुडीवरील रंगीत चित्र उजळे आणि कातडेंही कोरडें राही. १९३५ सालीं लिऑन ॲबी यांचा जाझ वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत वाजूं लागला, आणि पुढें गोमंतकीय वादकांनीं हें संगीत चित्रपटांच्या वाद्यवृंदांपर्यंत नेलें. मुंबईच्या पावसाळ्यांत कातडी पडघम म्हणजे काय, हें त्या मंडळींस वेगळें सांगावें लागलें नसेल. १९५७ नंतर प्लॅस्टिकच्या पुड्या रूढ झाल्या आणि ही चिंता मिटली. जुन्या खोडावर प्लॅस्टिकची पुडी घालावयाची असेल तर एकेरी, खरखरीत लेप दिलेली निवडावी. कातडें असेल तर पावसाळ्यांत तें आवळून तसेंच ठेवूं नये. हवा कोरडी होतांच तें फाटण्याचें भय असतें.

आतां प्रत्यक्ष कृति. दोन्ही पुड्या बसवून सर्व स्क्रू प्रथम बोटांनींच फिरवावेत. मग एक स्क्रू व त्याच्या समोरचा, अशा क्रमानें प्रत्येकाला पाव फेरा द्यावा. आघाताची पुडी सुरकुत्या जाईपर्यंतच ताणावी. तिची ढिलाई हेंच खर्जाचें मूळ. प्रत्येक स्क्रूपासून दोन इंचांवर टिचकी मारून सर्वत्र एकच स्वर येतो कीं नाहीं हें पाहावें. दर्शनी पुडी किंचित् अधिक ताणावी, म्हणजे नादाला थोडी लांबी मिळते. एवढें झाल्यावर दुसऱ्या कोणास वाजवावयास सांगून आपण खोलीच्या दुसऱ्या टोंकाशीं उभें राहावें. वादकाच्या कानीं येणारा गोंगाट पुष्कळदां तेथवर पोंचतच नाहीं.

तरीही तो उरलाच, तर नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचें जाड कापड, याची दोन-तीन इंच रुंदीची पट्टी घ्यावी. ती आघाताच्या पुडीमागें, एका बाजूच्या कांठापासून चार-पांच इंचांवर, उभी ताणून पुडी व खोड यांच्यामध्यें दाबून बसवावी. बहुतेक पडघमांना एवढें पुरतें. न पुरल्यास दर्शनी पुडीमागें तशीच दुसरी पट्टी लावावी, किंवा घडी केलेला पंचा तळाशीं ठेवून पुडीच्या खालच्या भागास जेमतेम टेकूं द्यावा. आघाताचा गोळा लांकडी नसून नमद्याचा किंवा लोकरीचा असावा, आणि आघात होतांच तो मागें यावा. पुडीवर दाबून धरलेला गोळा मध्यभागींच नाद कोंडतो. दर्शनी जुन्या पुडीला भोंक पाडणें किंवा खोडाला नवीं छिद्रें घेणें, हें मात्र कधींही करूं नये. पट्टी केव्हांही काढतां येते. छिद्र बुजवितां येत नाहीं.

किती शोषावें हें ऐकणारा कोठें आहे यावरही ठरतें. १९६६ सालीं लंडनच्या ॲबे रोडवरील ध्वनिमुद्रणगृहांत जेफ एमरिक या तंत्रज्ञानें बीटल्सच्या रिंगो स्टारच्या पडघमांत लोकरीचा स्वेटर घातला आणि मायक्रोफोन अगदीं जवळ आणला. उलट लेड झेपेलिनच्या १९७१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका गाण्यांत जॉन बॉनहॅमचे ड्रम एका जुन्या वाड्याच्या उंच जिन्याखालीं मांडले होते आणि मायक्रोफोन वरच्या मजल्यावर होते. जवळच्या कानाला बंदोबस्त अधिक लागतो. दूरच्या कानासाठीं मधली हवाच बरेंचसें काम करते.

आपल्याकडे पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावतात, तिच्याशीं या नमद्याची तुलना सहज सुचेल. परंतु दोहोंचें काम निराळें आहे. कणीक पुडीला वजन देऊन स्वर खालीं उतरविते, म्हणून ती मध्यभागीं लागते. नमदा थरार शोषतो, म्हणून तो कांठाकडे. पखवाजी मात्र कणीक एकदम थापीत नाहीं. थोडी लावतो, थाप देऊन ऐकतो, आणि मग कमीअधिक करतो. पडघमाच्या धन्यानेंही तोच क्रम ठेवावा. प्रथम कांहींही न घालतां ऐकावें, नंतर एकच पट्टी लावून ऐकावें. बहुतेक वेळां तेथेंच थांबावें लागेल.