पत्ते फिरत नसतात

दहा-बारा डाव सलग हरलेला माणूस पुढच्या डावाला चाल दुप्पट करतो. का, म्हणून विचारलं तर आपल्यालाच वेड्यात काढतो : "अहो, इतका वेळ पडला नाही म्हणजे आता पडणारच. पत्ते फिरायची वेळ झाली." मनमाडात दिवाळीच्या आठवड्यात गच्च्यागच्च्यांवर हे ऐकू येतं. गोवा एक्सप्रेस आपल्या स्टेशनावर थांबते, त्यामुळे मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर पोकर खेळून आलेली पोरंही आता तेच ज्ञान घेऊन परततात. फरक एवढाच, की तीन पत्तीच्या जागी पोकरची भाषा असते आणि आकडा मोठा असतो.

हा गैरसमज बाकी सगळ्यांचा बाप आहे, म्हणून आधी त्याचाच हिशोब करू.

52 पत्त्यांतून तीन पत्ते उचलले तर 22,100 वेगवेगळे हात होतात. त्यांतल्या 16,440 हातांत काहीही नसतं : ना जोडी, ना कलर, ना सिक्वेन्स. म्हणजे साधारण चारपैकी तीन वेळा आपल्या वाट्याला कचराच येणार. सलग दहा डाव कचरा येण्याची शक्यता अंदाजे वीसात एक. रात्रभरात शंभर-सव्वाशे डाव होत असतील, तर अशी एखादी रांग लागणं अगदी अपेक्षित आहे. लोक तिला साडेसाती म्हणतात, जागा बदलतात, गड्डी बदलायला लावतात, 'तू पिसू नकोस, तुझा हात वाईट' म्हणून शेजाऱ्याचा अपमानही करतात.

बरं, दहा डाव कचरा आल्यावर अकराव्याला कचरा येण्याची शक्यता किती? तीच. 74 टक्के. गड्डी नीट पिसली की मागचा डाव पुसला गेला. भुसावळहून सुटलेली गाडी लेट झाली तरी कधीतरी मनमाडला येते, कारण ती खरंच निघालेली असते. ट्रेल, म्हणजे एकसारखे तीन पत्ते, मात्र कुठूनही निघालेली नसते, त्यामुळे तिची वाट पाहण्यात अर्थ नाही.

यावर एक शहाणा हमखास विचारतो, "मग रमीत गेलेले पत्ते लक्षात का ठेवतात?" प्रश्न बरोबर आहे. गड्डी पिसली जाईपर्यंत उघडे पडलेले पत्ते उरलेल्यांबद्दल काहीतरी सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये आंध्र प्रदेश विरुद्ध सत्यनारायण या खटल्यात रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवलं, ते याच कारणाने : पडणारे पत्ते लक्षात ठेवावे लागतात, काय धरायचं नि काय टाकायचं हे ठरवावं लागतं. त्याच निकालात तीन पत्त्यांच्या खेळाला निव्वळ नशिबाचा म्हटलं आहे, हे मात्र रमीचं नाव पुढे करून तीन पत्ती खेळणारे सोयीस्कर विसरतात.

'पडणारच'वर विश्वास ठेवून बुडालेल्यांचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मॉन्टे कार्लोचं. 18 ऑगस्ट 1913 च्या रात्री तिथल्या रूलेटवर चेंडू सलग 26 वेळा काळ्यावर पडला. काळं जसजसं येत राहिलं, तसतशी माणसं लालवर जास्त पैसे लावत गेली. आपल्याकडचे 'हरलं की दुप्पट'वाले तेच करतात. शंभराने सुरुवात करा आणि आठ वेळा हरा : 25,500 रुपये गेले. नववी चाल 25,600 ची. ती जिंकलात तर एकूण फायदा किती? शंभर रुपये. या पद्धतीला लोक 'सिस्टिम' म्हणतात, तेव्हा मला हात जोडावेसे वाटतात.

पण हिशोब कळणारेही हेच करतात. बँकेत बसणारा, लोकांना व्याजाचं गणित समजावणारा माणूस रात्री दोनला चाल दुप्पट करतो. तिथे शिस्त गणिताअभावी सुटत नाही, तोटा मान्य करायची मनाची तयारी नसते म्हणून सुटते. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वेर्स्की यांनी 1979 च्या गाजलेल्या शोधनिबंधात लोकांना विचारलं होतं : 3000 ची खात्रीची हानी पत्करता, की 80 टक्के शक्यता असलेली 4000 ची हानी? सरासरीने दुसरा सौदा वाईट, तरी 92 टक्के लोकांनी तोच घेतला. हानीऐवजी लाभ ठेवला तेव्हा 80 टक्क्यांनी मुकाट्याने खात्रीचे 3000 उचलले. हरताना आपण जास्त धाडसी होतो, आणि नेमकं तेव्हाच ते परवडणारं नसतं.

अनुभवी खेळाडूंचंही वेगळं नाही. 2009 मध्ये 'मॅनेजमेंट सायन्स' या नियतकालिकात ऑनलाइन पोकरच्या मोठ्या टेबलांवरच्या खेळाचा अभ्यास छापून आला. मोठी रक्कम हरल्यानंतर हे खेळाडू एरवी टाकून दिले असते असे हात जास्त खेळू लागले होते. पोकरवाले याला टिल्ट म्हणतात. टेबलावर तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. एक्क्यांची जोडी हातात, समोरच्याकडे राजांची. सगळे पैसे मध्ये, आणि शेवटच्या पत्त्याला राजा. राजांची जोडी साधारण 18 टक्के वेळा जिंकणारच, म्हणजे चूक काहीही झालेली नाही. पण एक्केवाला पत्ते उताणे फेकतो, चहा नाकारतो, चिप्सची चवड दोनदा मोडून पुन्हा रचतो, आणि पुढच्याच डावाला सत्ती-दुर्री घेऊन आत शिरतो. पहिलं नुकसान पत्त्यांनी केलं होतं. दुसरं त्याचं त्याने.

त्यामुळे 'रागीट माणसाने खेळू नये, थंड डोक्याच्याला काही होत नाही' हाही गैरसमजच. थंड डोक्याचा आरडाओरडा करत नाही, पण 'फक्त मुद्दल निघालं की उठतो' हे तोही मनात म्हणतो. खरी शिस्त बसण्याआधीची असते, कारण तेव्हा डोकं आपलं असतं. किती रक्कम न्यायची ते ठरवून बाकी पैसे नि कार्ड खोलीवर ठेवायचं. उठायची वेळ टेबलावर आधीच सांगून टाकायची. हे दुसरं आपल्याकडे जास्त महत्त्वाचं, कारण 'जिंकलेल्याने उठायचं नसतं' असा एक अलिखित नियम मित्रमंडळींनी करून ठेवला आहे. त्याला आधार कसलाही नाही. हरणाऱ्यांची सोय आहे ती. आणि प्रत्येक मोठ्या डावातून कॅसिनो आपला हिस्सा कापत असतो, म्हणजे भरून काढायला जितका वेळ बसाल तितकं जास्त भरावं लागतं.

बाकीचे गैरसमज भराभर.

'चेहरा दगडासारखा ठेवला की झालं.' 2013 च्या एका प्रयोगात व्यावसायिक खेळाडूंच्या चित्रफिती लोकांना दाखवल्या. नुसता चेहरा पाहणाऱ्यांचे अंदाज चुकले. नुसते चिप्स सरकवणारे हात पाहणाऱ्यांना डाव किती जोरदार आहे ते बऱ्यापैकी कळलं. चेहरा सांभाळता, तेव्हा हात बोलत असतात.

'दोन पेग घेतले की हात मोकळा होतो.' होतो. पाकीटही.

'मोबाइलवर सराव करून जाऊ.' ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले. शिवाय मोबाइलवर आपल्याकडे पाहणारं, हसणारं, चिडवणारं कोणी नसतं. टेबलावर खरी परीक्षा त्याचीच.

'ट्रेल सर्वांत दुर्मीळ, म्हणून सर्वांत मोठी.' ट्रेलचे 52 हात होतात, प्युअर सिक्वेन्सचे, म्हणजे एकाच चिन्हाच्या सलग तीन पत्त्यांचे, 48. नियम करणाऱ्यांनी मोजलं नव्हतं, एवढंच.

'दिवाळीत चालतं, पोलिसही काही म्हणत नाहीत.' राज्यातला जुगार प्रतिबंधक कायदा 1887 चा आहे आणि त्यात लक्ष्मीपूजनाची सूट नाही. 'रोख रकमेसह मुद्देमाल जप्त' ही बातमी दिवाळीतसुद्धा छापून येते.